पंधरवड्याची रेघ

कलम म्हटलं की मालवणात कोणाच्याही डोळ्यांपुढे हापूसच उभा राहणार. म्हणून वर्षापूर्वी, आश्विनात, प्रवाळ केंद्राची माणसं काचेच्या टाक्या घेऊन किनाऱ्यावरच्या साठ घरांत शिरली आणि ‘प्रवाळाचे खंडित नमुने’ असं काहीतरी समजावू लागली, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कलमं म्हणायला सुरुवात केली. मोठ्या प्रवाळाचा बोटाएवढा तुकडा कापायचा, सिमेंटच्या चकतीवर चिकटवायचा, आणि तो जगला की त्याचाच नवा विस्तार. आंब्याहून वेगळं काय आहे यात? वर्ष सरेपर्यंत केंद्राच्या छापील कागदांवरही ‘कलमं’ आलं. दोन हजार त्रेचाळीस साल उजाडलं तरी नाव ठेवण्याचा मान अजून गावाकडेच आहे.

वृषाली तोडणकरच्या पडवीत अशी बेचाळीस कलमं आली होती. एक तपासणीसाठी केंद्रात गेलं, उरलेली एकेचाळीस ठणठणीत होती, आणि सगळा घोळ तिथेच होता. बाकीच्या एकोणसाठ घरांत निम्मीसुद्धा वाचली नव्हती. आणि वृषालीनं तर वेगळं असं काहीच केलं नव्हतं.

“काहीतरी केलंच असणार ताई,” डॉक्टर शर्वरी केतकर म्हणाली. ही केंद्रातली शास्त्रज्ञ, मूळची पुण्याची, वय फार तर बत्तीस. बिनसाखरेचा चहा पिणारी बाई म्हणून गावात प्रसिद्ध होती. “आठवून बघा. पाणी कुठलं? चारा कुठला? टाकीत चुकून काही पडलं होतं?”

“तुम्ही सांगितलं तेवढंच केलं हो,” वृषाली म्हणाली. “जास्त नाही, कमी नाही.”

“मग माझाच अंदाज खरा,” असं म्हणून शर्वरीनं पिशवीतून हातभर लांबीची कागदाची पट्टी काढली आणि चहाच्या कपांमध्ये पसरली. पट्टीवर उभ्या बारीक रेघाच रेघा होत्या, आणि मधे मधे कुठे कुठे लाल शाईची खूण.

पट्टी समजायला आधी प्रवाळ समजायला हवं. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. मुगाच्या दाण्याहून लहान अशा हजारो प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं आणि भाड्यापोटी उन्हातून तयार केलेलं अन्न देतं. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की हे प्राणी बिथरतात आणि भाडेकरूलाच हाकलून देतात. मग रंग उडतो, प्रवाळ पांढरंफटक पडतं, आणि अन्न देणारंच घरातून गेल्यावर काही आठवड्यांत उपाशी मरतं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात समुद्र सलग सात आठवडे तापला आणि किल्ल्यामागचा सगळा खडक असा पांढरा झाला.

त्यावर केंद्रानं काढलेला उपाय म्हणजे ताव. रोज दुपारी बारा ते दोन टाकीचं पाणी अडीच अंशांनी वाढवायचं आणि मग उतरू द्यायचं. नवं भिडं, म्हणजे बिडाचा जाड तवा, घरात आलं की कोणी ते एकदम जाळावर ठेवत नाही, तेलाचा हात देत थोडं थोडं तापवून त्याला वळण लावतात, तसंच हे. सोसायला शिकलेली कलमं पुढे खडकावर लावायची. हीटर आपोआप चालू होई, पाण्यातली तापमापी दर मिनिटाचा आकडा केंद्राला पाठवी. घरच्या माणसानं फक्त चारा द्यायचा, काच पुसायची, पाण्याचा खारेपणा बघायचा. आणि नोंदवलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणीही कलमांना हात लावायचा नाही, ही अट होती, आणि तिच्यावर त्या माणसाची सही घेतलेली होती. त्याचं कारणही उघड होतं. दहा हात लागले तर कोणत्या हातानं काय झालं ते शोधणार कोण?

आता पट्टी. प्रवाळ रोज आपल्या अंगाखाली चुन्याचा एक थर चढवतं, केसाहूनही कितीतरी पातळ. ताव बसलेल्या दिवशीचा थर बारीक आणि गडद उतरतो, निवांत गेलेल्या दिवशीचा जाड आणि फिका. केंद्रातलं नवं यंत्र तुकड्याचा काप घेऊन असे दिवस मोजू शकत होतं. एकेका दिवसाचा हिशेब दगडात लिहिलेला, आणि तो खोटा लिहिण्याची अक्कल प्रवाळाला नाही.

“इथे बघा,” शर्वरी लाल खुणेवर बोट ठेवत म्हणाली. “दर पंधरा दिवसांनी एक फिकी रेघ. त्या दिवशी तुमचा हीटर चालू होता, माझ्याकडे मिनिटामिनिटाचे आकडे आहेत. पाणी तापलंय, पण ताई, प्रवाळ तापलेलं नाही!”

“असं कसं होईल?”

“तेच तर! मी सगळ्या तारखा भरती-ओहोटीशी लावून बघितल्या. झाडून सगळ्या भांगाच्या पाण्यातल्या.”

भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर अगदी उतरतो ते दिवस, उधाणाच्या उलट. हे वृषालीला कोणी सांगायला नको होतं, ती नौकेवाल्याची बायको.

शर्वरीचं म्हणणं असं होतं: समुद्रातले पुष्कळ जीव चंद्र पाळतात, प्रवाळ तर अंडीही चंद्र बघून सोडतं. वृषालीच्या कलमांत एक जन्मजात घड्याळ असावं. भांगाच्या दिवशी ती आपणहून आपली दारं लावून घेत असावीत आणि विसावा घेत असावीत. तसं असेल तर हे वाण सोन्याचं. या एकेचाळीस कलमांचे आणखी तुकडे करायचे, पुढच्या हंगामात तीनशे घरांत वाटायचे, आणि ताव वाढवायचा. रोज, एकही खाडा न करता. विसावा काय, तो कलमं आपला आपण घेतीलच.

“दोनच गोष्टी डोक्यात बसत नाहीत,” ती म्हणाली. “फाल्गुनात एक रेघ गायब आहे. आणि श्रावणात लागोपाठ दोन दिवस दोन रेघा. चंद्र असा दोनदा येत नाही कधी.” मग तिनं एक कागद पुढे केला. “सोमवारपर्यंत सही लागेल. या वर्षभरात तुमच्याशिवाय कोणी कलमांना हात लावला नाही, एवढंच लिहून द्यायचंय. हात लागला असेल तर नमुने बाद होतात, पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. आणि ताई, केंद्राच्या रत्नागिरीतल्या नोकरीसाठी मी तुमचंच नाव घातलंय. पगार, राहायला खोली, सगळं.”

ती गेली आणि वृषाली दोन उष्टे कप आणि एक पट्टी घेऊन बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, पण त्याला कुठेतरी खडा लागत होता. जन्मजात घड्याळ असतं तर ते श्रावणात दोनदा कसं वाजलं?

आतल्या खोलीत नवरा झोपला होता. नाव उल्हास, आणि तोंडावर बाराही महिने सुतक. पूर्वी असा नव्हता. पर्यटकांना डोळ्यांवर काच बांधून पाण्यात उतरवायचा आणि प्रवाळ दाखवायचा हा त्याचा धंदा, आणि बडबड तर इतकी की पाण्याखालीसुद्धा हातवारे करून बोलायचा. खडक पांढरा पडला, पर्यटक आटले, नौका गेली आणि तो बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला. घरात टाकी आली तेव्हा म्हणाला होता, “समुद्र मेलो तो मेलो. आता बरणीत लोणचा घालून काय होतला?”

तरीही तेव्हा बोलत तरी होता. फाल्गुनात त्याची आई गेली. वृषाली त्या वेळी केंद्राच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला रत्नागिरीत होती. पोचली तेव्हा उशीर झाला होता. त्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून बोलणंच टाकलं. ‘जेवण वाढ’, ‘दार लाव’, झालं. सात महिन्यांत वृषालीनं त्या गप्पपणाचा अर्थ लावून लावून एकच उरवला होता: तू नव्हतीस. रत्नागिरीची खोली तिला बरी वाटू लागली होती ती काही उगीच नाही.

दिवाळीला किती दिवस राहिलेत ते बघायला म्हणून ती भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली. आणि सहज चाळा म्हणून पानं मागे उलटून श्रावणावर आली, पट्टीवरच्या त्या जोड तारखा शोधायला. पहिल्या तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरांत छापलं होतं, स्मार्त एकादशी. दुसऱ्या तारखेच्या चौकटीत, भागवत एकादशी.

वृषालीला हसू आलं.  तिनं पट्टी आणली, त्याच खिळ्यावर मागे राहिलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडरही काढलं आणि एकेक लाल खूण घेऊन कॅलेंडराची पानं उलटायला लागली. कार्तिकातली, एकादशी. मार्गशीर्षातली, एकादशी. माघातली, एकादशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. डॉक्टरीण बाईनं चंद्र धुंडाळला, समुद्र धुंडाळला. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं राहिलं. चंद्र कधी दोनदा येत नाही हे खरंच, पण पंचांगात एकादशी दोनदा येते. म्हणजे हे प्रवाळाचं काम नव्हतं. हे काम पंचांग वाचणाऱ्याचं होतं.

आणि या घरात पंचांग वाचणारं माणूस एकच होतं. सासूबाई. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पाण्यात भिजवलेले शेंगदाणे आणि वरीचे तांदूळ, बाकी काही नाही. स्वतः उपास करायच्या आणि शेजारच्या मांजरालाही त्या दिवशी मासळीचं डोकं मिळायचं नाही. टाकी आली त्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, “काय गो, रोज रोज तापवतंस तेंका! जीव असा तो. एक दिवस तरी दम खावंदे.” वृषाली तेव्हा हसून मसाला केंद्रावर निघून गेली होती. बचत गटाच्या त्या केंद्रावर तिची वेळ अकरा ते तीन. बारा ते दोन घरी कोण, तर सासू.

कसं केलं असेल तेही आता दिसायला लागलं. सगळी कलमं एकाच जाळीच्या ताटलीत उभी असत. शेजारी आजारी कलमांसाठी दिलेली दुसरी टाकी होती, तेच पाणी, फक्त हीटर नाही. बाराच्या आधी ताटली उचलून तिकडे ठेवायची, दोनला परत आणायची. मोठ्या टाकीत हीटर चालू, तापमापी चालू, केंद्राला आकडे चालू, आणि कलमं शेजारी निवांत. उपासच तो, तेव्हा चारा देणंही आलंच नाही.

पौषाच्या पानावरही एकादशी दोन होत्या. पट्टीवर मात्र रेघ एकच, दुसऱ्या दिवसाची. अगदी बरोबर. सासूबाई माळकरी, “आपली दुसरी, भागवत,” असं त्या दर वेळी बजावून सांगायच्या.

इथवर सगळं जुळलं. पण सासूबाई फाल्गुनात गेल्या. रेघा मात्र चैत्रातही होत्या, वैशाखातही, अगदी गेल्या महिन्यापर्यंत.

वृषालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मालवणात अशा वेळी स्पष्टीकरण शोधायला लांब जावं लागत नाही, ते भिंतीवर हार घालून टांगलेलंच असतं. तिनं सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं. फोटो नेहमीसारखाच, जरा रागावलेला. पण माणूस मेलं म्हणून स्मार्त आणि भागवत यांत गोंधळेल? पौषात ज्या बाईनं एकच रेघ ओढली ती श्रावणात दोन कशी ओढेल? दोन रेघा ओढणाऱ्याला आपली एकादशी कुठली तेच ठाऊक नव्हतं. म्हणून बिचाऱ्यानं दोन्ही पाळल्या होत्या.

घरात दुपारी असणारं दुसरं माणूस एकच होतं, आणि ते आतल्या खोलीत घोरत होतं. पण ते तर कसं शक्य होतं? एकादशीला आईच्या नाकावर टिच्चून बांगडा तळून खाणारा हा माणूस. टाकीला लोणच्याची बरणी म्हणणारा. तिला काही कळेनासं झालं. आत जाऊन हलवून विचारावं, तर हो म्हणाला तर काय आणि नाही म्हणाला तर काय?

त्यातून तो सहीचा कागद. इकडे आड, तिकडे विहीर. सही केली तर शर्वरी कलमं कापणार, तीनशे घरांत वाटणार, आणि एकही दिवस न सोडता तापवणार. यांच्यात कसलंही घड्याळ नाही, यांना कोणीतरी विसावा देत होतं, हे तिला कोण सांगणार? होतील बघता बघता पांढरी. आणि सही नाही केली तर कलमं बाद, नोकरी बाद, आणि अट कोणी मोडली म्हणून गावभर उल्हासचं नाव. ज्याच्याशी धड दोन शब्द होत नाहीत त्या माणसाला वाचवावं की वर्षभर जपलेल्या कलमांना, हे ती तीन दिवस मिरच्या निवडताना विचार करत राहिली. मिरच्यांचा ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं, ते बरंच झालं. कोणी कारण विचारलं नाही.

शनिवारी एकादशी होती. पावणेबाराला तिनं मसाला केंद्रावर पोटात दुखतं म्हणून सांगितलं आणि घरी आली. पुढच्या दारानं न जाता माडाच्या बाजूनं वळसा घेऊन पडवीच्या खिडकीशी उभी राहिली. स्वतःच्याच घरात चोरासारखं डोकवायचं, याची तिला लाजही वाटली.

उल्हास टाकीपाशी होता. पाटावर उभा, हात कोपरापर्यंत धुतलेले. त्यानं वाकून ताटली दोन्ही हातांनी उचलली, तान्ह्या पोराला न्हाणीघरातून आणतात तितक्या बेतानं, आणि शेजारच्या टाकीत ठेवली. मग एक कलम कलतं झालं होतं ते बोटानं सरळ केलं. आणि सात महिने ज्याच्या तोंडून चार शब्दांचं वाक्य बाहेर पडलं नव्हतं, तो माणूस मोठ्यानं बोलला.

“झाला गो आये. ठेवलंय.”

वृषाली दारातून आत आली. तो दचकला, हातावरून पाणी निथळत तसाच उभा राहिला.

“तू हय कशी?”

“माझा घर असा म्हणान,” ती म्हणाली. “आणि आज एकादस असा म्हणान.”

उल्हासनं ताटलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पाटावरून खाली उतरून त्याच पाटावर बसला. स्वयंपाकघरातून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता.

“तू बांगडे खाल्लस?” आजवर मनात साठवलेलं सगळं सोडून तिच्या तोंडून हेच निघालं.

“खाल्लंय. उपास तेंचो, माझो खय?”

एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण जणू याच्यासाठीच केलेली. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तीही समोर जमिनीवर बसली. “कधीपासून ह्या?”

 तो बोलायला लागला, आणि मग थांबेचना.

“तू रत्नागिरीक गेललंस ना, तेव्हा. आये खाटीर पडलेली. माका हाक मारल्यान. माका वाटला, पाणी व्हया असात. तर म्हणता कशी, ‘रात सरली काय फाल्या एकादस. ताटली उचलूक इसरू नको.’ माका काय कळाक नाय, खयची ताटली. मगे सगळा सांगल्यान, कशी उचलायची, किती वाजता. म्हणाली, सुनेक सांगू नको, तिना कागदार सही केल्यान. बस. माझा नाव नाय घेतल्यान, तुझा नाय, देवाचासुद्धा नाय. ताटली! आणि उजाडूच्या आत गेली.”

“आणि तू मगे माझ्याशी बोलणाच टाकलंस. माका वाटला, मी नव्हतंय त्येचो राग.”

“राग?” उल्हास खरोखरच चक्रावला. “तुझ्यार कित्याक राग? अगो, तुका म्हायत असा, माझ्या तोंडात तीळ भिजत नाय. एक शब्द बोललंय असतंय, तर दुसऱ्या शब्दाक ह्या भायर पडला असता. तुझी सही, तुझी नोकरी, सगळा गेला असता. म्हणान म्हटला, गपच रवलेला बरा.”

 सात महिने ती ज्या गप्पपणाखाली दबून जगली, जो तिला रत्नागिरीच्या खोलीपर्यंत ढकलत घेऊन गेला होता, तो एवढ्यासाठी होता. तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्याचं डोकं छातीशी धरावंसंही वाटलं. यातलं आधी काय करायचं ते न सुचून ती म्हणाली, “अगदीच खुळो असस तू.”

“त्या असाच,” त्यानं मान्य केलं. “आता तू सही करून टाक. मी कोणाक काय सांगूचंय नाय.”

“सही केली तर ती कापतली सगळी. आणि रोज तापवतली.”

“रोज?” तो ताडकन उठला. “एकादशीकसुद्धा?”

तेव्हा वृषालीनं फोन उचलला.

शर्वरीनं सगळं ऐकून घेतलं.  

“म्हणजे चंद्र नाही,” ती म्हणाली.

“चंद्र नाही हो. पंचांग.”

“मी शोधनिबंध लिहून पाठवायच्या बेतात होते ताई.” तिचा आवाज रडवेला होता आणि त्यात कुठेतरी हसूही मिसळलेलं होतं. “नमुने बाद करावे लागतील. मला तसं लिहावंच लागेल. आणि रत्नागिरीचं…”

“कळलं मला. पण कापणार तर नाही ना आता?”

“बाद झालेली कलमं कोण कापणार? तुमच्याकडेच राहतील. खडकावरही जाणार नाहीत पण. ताई, एक सांगा. त्या दिवशी चारापण देत नव्हते का?”

“उपास म्हणजे उपास.”

“म्हणजे ताव नाही, चारा नाही, शिवाय पाण्याबाहेरची वारा लागलेली दोन मिनिटं. यातल्या नेमक्या कशानं जगली? का सगळ्यानं मिळून? मला तर काहीच कळेनासं झालंय. सगळं पहिल्यापासून मांडावं लागेल. तीनशे घरांतल्या अर्ध्या टाक्यांना विसावा देऊन बघायला हवा. आठवड्यातून एक वार ठरवू, सोमवार वगैरे…”

“तुमचा वार तुम्ही ठरवा,” वृषाली म्हणाली. “फक्त जिच्या हातानं हे पहिल्यांदा झालं तिचं नाव कागदावर घाला. सुंदराबाई तोडणकर. शिक्षण चौथी.”

फोन ठेवला तेव्हा तिला आपले हात रिकामे झाल्यासारखे वाटले. खोली गेली, पगार गेला, उद्यापासून पुन्हा मिरच्या. गेलेल्याचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण शेजारच्या टाकीत एकेचाळीस तपकिरी-हिरवी कलमं आपली इवलीइवली बोटं बाहेर काढून बसली होती, आणि आज त्यांना कसलाही चटका बसणार नव्हता.

दोन वाजायला आले तेव्हा उल्हासनं ती पट्टी बघायला मागितली. वृषालीनं समजावलं: ही एक रेघ म्हणजे एक दिवस. गडद ती तावाची, फिकी ती एकादशीची. तो पट्टीवरून बोट फिरवत चालला, जसं पूर्वी समुद्राच्या नकाशावरून फिरवायचा तसं. “ही आयेची… ही आयेची… पौषात दोन एकादशी हुत्यो, एकच कशी?”

“आपली दुसरी. भागवत.”

“अरे देवा! म्हणजे श्रावणात मी एक जास्तीची केलंय?”

“असू दे. जास्तीच्या विसाव्यान कोण मराक नाय.”

तो हसला. मग त्याचं बोट फाल्गुनावर आलं आणि थांबलं. तिथे गडद रेघांमागून गडद रेघा होत्या, मधे फिकी नव्हती. त्याला सांगावं लागलं नाही. आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, बारा वाजता ती स्मशानात होती, आणि इथे पडवीत हीटर आपोआप चालू झाला होता.

“हय माझी रवली,” तो म्हणाला. आई गेल्यावर गावानं त्याला रडताना बघितलं नव्हतं, वृषालीनंही नाही. आता त्याच्या डोळ्यांतलं पाणी टपटप पट्टीवर पडायला लागलं. “एकच गोष्ट सांगलेल्यान तिना. एकच. आणि तीच रवली. ही आता कशीच भरूक येवची नाय?”

“नाय,” वृषाली म्हणाली. खोटं बोलायला ती पट्टी जागाच ठेवत नव्हती. तिनं त्याचं बोट धरलं आणि फाल्गुनावरून पुढे सरकवलं, चैत्रावर, वैशाखावर, ज्येष्ठावर. “पण हय बघ. तेच्यावरसून पुढे वाढलीत.”

त्यानं पुढच्या फिक्या रेघा शेवटपर्यंत बोटानं मोजल्या. मग मोठ्या टाकीतला हीटर टिक करून बंद झाला. उल्हासनं बाहीनं नाक पुसलं, पाट पायानं सरकवला आणि ताटलीचा एक कान धरला.

“धर गो तिकडसून,” तो म्हणाला. “दोन वाजले.”